सावकार आपणच



2025-26च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने वर्षअखेरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटी रुपये धरले. त्याच वर्षी केंद्राने 50 लाख 65 हजार कोटींचा खर्च मांडला, त्यात नुसते व्याज 12 लाख 76 हजार कोटी. खर्चाच्या दर रुपयात पंचवीस पैसे व्याजाचे. असे आकडे वाचून आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण एवढे पैसे सरकारला दिले कोणी?

परदेशी सावकारांचा वाटा थोडा आहे. बहुतेक रक्कम देशातल्या बँका, आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी आणि पोस्ट यांची, म्हणजे तुमची-माझी. गोंदियाच्या पोस्टात मासिक उत्पन्न योजनेत ठेवलेले पैसे राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातात. 1999पासून पुढे बरीच वर्षे राज्यात जमलेल्या रकमेचा मोठा भाग त्याच राज्याला कर्जाऊ मिळे. 2016नंतर महाराष्ट्र त्यातून बाहेर पडला. त्याच सुमारास केंद्राने एक वेगळीच वाट काढली. अन्न महामंडळाला अनुदान रोख देण्याऐवजी याच निधीतून कर्ज काढायला लावले. म्हणजे देशातल्या धान्यखरेदीचा काही भार काही वर्षे पोस्टातल्या म्हाताऱ्यांच्या ठेवींनी वाहिला, आणि केंद्राची तूट कागदावर तेवढी कमी दिसली. 2021च्या अर्थसंकल्पात हे कर्ज फेडून प्रकार थांबवला गेला. धानाच्या चुकाऱ्यांची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याने तरी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

तेव्हा, सरकार बुडेल का, ही भीती मला फारशी वाटत नाही. केंद्राचे बहुतेक कर्ज रुपयांत आहे आणि रुपया छापायची सोय त्याच्याच घरात आहे. राज्याला ती सोय नाही. पण त्याच्या रोख्यांचे देणे रिझर्व्ह बँक राज्याच्या खात्यातून परस्पर वळते करते. मला भीती वेगळी आहे: परत येणारा रुपया केवढ्याचा असेल? 2012-13 साली पीपीएफवर 8.8 टक्के व्याज होते आणि किरकोळ महागाई दहाच्या आसपास. पासबुकात रक्कम वाढत होती, बाजारात ती आटत होती. कर्जदाराला, म्हणजे सरकारला, असे दिवस मानवतात.

श्रीलंकेत 2023 साली याहून उघड घडले. देशांतर्गत कर्जाची फेररचना करताना बँकांना बहुतांशी वगळले आणि कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीकडचे रोखे कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या रोख्यांशी बदलून घेतले. आपली स्थिती तशी नाही. पण अडचण आली की आधी कोणाकडे हात जातो, ते तिथे दिसले.

आता याच सभागृहातले तीन श्रोते डोळ्यांसमोर आणा. पहिले रेल्वेतून निवृत्त, 2004च्या आधी लागलेले; महागाई वाढली की त्यांचा भत्ता वाढतो. दुसरे जिल्हा परिषदेचे गुरुजी, 1 नोव्हेंबर 2005नंतर लागलेले. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च 2023च्या संपात यांच्यातले कितीतरी जण रस्त्यावर होते. नव्या पेन्शन योजनेत राहिले, तर जमलेल्या रकमेतल्या किमान 40 टक्क्यांची वर्षासन योजना घ्यावी लागते, आणि मिळणारा हप्ता सहसा महागाईबरोबर हलत नाही.

तिसरी विडी कामगार बाई. सट्टेदाराकडून, म्हणजे विडीच्या ठेकेदाराकडून, पाने-तंबाखू आणून तिने जन्मभर विड्या वळल्या, भविष्यनिर्वाह निधीची कपात सोसली. त्या निधीला जोडलेल्या तिच्या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर 2014पासून 1000 रुपये आहे. इतक्या वर्षांच्या महागाईनंतर त्या हजाराची खरेदीशक्ती तेव्हाच्या सहाशेच्या घरात आली. तिच्या सुनेला लाडकी बहीण म्हणून महिना 1500 मिळतात. ते मिळू नयेत असे मी म्हणणार नाही. गावातल्या किराणा दुकानांना विचारा, त्या पैशांनी काय होते ते. पण वर्गणी भरणारीला हजार आणि न भरणारीला दीड हजार, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

गुंतवणुकीबद्दल दोन शब्द. सात टक्के व्याजाचा, दहा वर्षे उरलेला शंभराचा रोखा बाजाराचा दर आठ झाला की त्र्याण्णवच्या आसपास येतो. तीस वर्षांचा असेल तर एकोणनव्वदच्या. सरकारची उसनवारी वाढली की दर चढण्याचा दबाव येतो. म्हणून निवृत्तीच्या तोंडावर लांब मुदतीच्या रोख्यांच्या फंडात सगळी पुंजी ओतू नका, एजंट कितीही गोड बोलो. ‘सरकारी’ या शब्दाने मुद्दल सुरक्षित राहते, बाजारभाव नव्हे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे बदलत नाही, मर्यादा 30 लाखांची. पण सारी रक्कम एकाच दिवशी ठेवली, तर सारी एकाच दिवशी नव्या दराच्या तोंडी जाते. तीन-चार वर्षांत विभागून ठेवा. आणि ज्यांच्या हाताशी पुढची दहा-पंधरा वर्षे आहेत, त्यांनी थोडा भाग महागाईबरोबर वाढू शकणाऱ्या ठिकाणी, शेअरबाजाराच्या निर्देशांकाच्या फंडात, ठेवायला हरकत नाही. पडझड सोसत नसेल तर मात्र नको.

विडी कामगार बाईला यातले काहीच लागू नाही. तिच्याकडे विभागून ठेवायला रक्कमच नाही. तिचा हजाराचा आकडा वाढवणे दिल्लीच्या हातात आहे, आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपल्या चौकात तो विचारता येतो.