चावी कुणाकडे आहे?

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



बँकेतला माणूस बिटकॉइनवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, हा आता गुंतवणूक करायला सांगणार. तसं नाही. घ्या म्हणत नाही आणि घेऊ नकाही म्हणत नाही. आपल्याच सोसायटीतल्या एका घरात काय घडलं, ते त्या कुटुंबाच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो.

घरातले गृहस्थ वारले. वर्षभराने मुलाला त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये 'वॉलेट डॉट डॅट' नावाची २०१३ सालची फाईल सापडली. आत बिटकॉइन असावेत, पण खर्च करायला गेलं की पासवर्ड मागते. मुलाने मला विचारलं, "काका, बँकेत असं झालं तर काय करतात?"

बँकेत लॉकरची चावी हरवली तर अर्ज होतो, साक्षीदारांसमोर लॉकर फोडतात. खातेदार गेला तर नॉमिनी किंवा वारस येतो. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसाला ती तेव्हाही बँकेमार्फत मागता येते. इथे अर्ज करायचा कुणाकडे? शाखा नाही, मॅनेजर नाही, नमुना सहीचं कार्ड नाही.

वॉलेट म्हणतात, पण त्यात पैसे नसतात. बिटकॉइनची खातेवही २००९ पासून चालू आहे आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर आहेत. शिल्लक त्या वहीत. फाईलमध्ये असते ती फक्त गुप्त किल्ली, म्हणजे आपल्या भाषेत सही. पासवर्ड त्या सहीवरचं कुलूप.

मग आम्ही बँकेच्या शिस्तीने कामाला लागलो.

पहिलं काम, फाईलच्या दोन प्रती दोन पेन ड्राइव्हवर. मूळ फाईल बाजूला ठेवली, प्रयोग फक्त प्रतीवर.

दुसरं, शिल्लक तपासली. प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा शून्य दिसलं आणि वहिनींचा चेहरा उतरला. पण शेकडो जीबीची ती खातेवही पूर्ण उतरून घेईपर्यंत आकडा खरा नसतोच. ती उतरल्यावर पाव बिटकॉइनच्या थोडी वर रक्कम दिसली. शिल्लक बघायला पासवर्ड लागत नाही, काढायला लागतो. रिकाम्या लॉकरसाठी कुलूपवाला कशाला बोलवायचा?

तिसरं काम आठवणींचं. या प्रकारच्या फाईलला चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा नाही, हे नशीब. सॅन फ्रान्सिस्कोतले प्रोग्रॅमर स्टीफन थॉमस यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली ज्या पेन ड्राइव्हमध्ये होती, तो फक्त दहा प्रयत्न देत होता. त्यातले आठ संपल्याची बातमी जानेवारी २०२१ मध्ये जगभर गाजली.

आम्ही वही घेऊन बसलो. त्यांच्या आवडीची आठ नावं, म्हणजे कुलदैवत, गाव, मुलांची लाडाची नावं. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहिताना स्पेलिंग दोनतीन तऱ्हेने होतं. 'विठ्ठल'मध्ये कुणी एक 'टी' घालतो, कुणी दोन. आठ नावं, तीन स्पेलिंगं, झाली २४. पहिलं अक्षर मोठं की लहान, ४८. पुढे जन्मसाल किंवा स्कूटरचा नंबर असे वीस आकडे, ९६०. शेवटी चारपैकी एखादं चिन्ह, ३,८४०. एवढं हाताने करायचं तर महिने जातील. अशी यादी एकामागून एक लावून बघणारे प्रोग्रॅम असतात, ते मुलाने इंटरनेट बंद ठेवून चालवले. पण हे जमतं ते थोडंफार आठवत असेल तरच. पासवर्ड बारा अक्षरांचा आणि कसाही ठोकलेला असेल, तर साऱ्या सोसायटीचे कॉम्प्युटर जन्मभर चालवूनही भागणार नाही.

मधे एका 'तज्ज्ञा'चा फोन आला. फाईल पाठवा, आगाऊ फी भरा, हमखास उघडून देतो. मी म्हटलं, सही आणि चेकबुक अनोळखी माणसाला देऊन बसायचं का? स्क्रीन शेअर करा म्हणणाऱ्यालाही तेच उत्तर.

फाईल अजून उघडलेली नाही. यादी वाढतेच आहे. वहिनी एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, आणि यांना कुठलं नाव सगळ्यात आवडायचं हे मी आता आठवत बसलेय." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आपल्या सगळ्यांना विनंती. बिटकॉइन नसतील, पण मोबाईल, ईमेल, डीमॅट, विमा हे आहेच. कुठे काय आहे त्याचा एक कागद करा. गुप्त शब्द मृत्युपत्रात लिहू नका, कारण ते पुढे अनेकांच्या हातात जातं. शब्द वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात, लॉकरमध्ये ठेवा. घरच्यांना शब्द सांगू नका, जागा सांगा. पासवर्ड बदलला की कागदही बदला. आणि हो, सोसायटीच्या शेअर्सचं नॉमिनेशन ज्यांचं राहिलंय, त्यांनी या महिन्यात ऑफिसमध्ये फॉर्म भरून द्यावा.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या घराच्या चाव्या निर्धास्तपणे शेजारी ठेवत आलो. या चावीचं तेवढं घरातच बघावं लागेल.

रौप्य महोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.