रक्तातील लोह

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत कामगारांपुढे केलेले भाषण)



या वसाहतीतील फौंड्रींत आपण रोज लोखंड वितळवतो. त्याच धातूवाचून आपला श्वासही व्यर्थ आहे. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात. तेच फुप्फुसांतील प्राणवायू स्नायूंपर्यंत वाहून नेतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ५४ टक्के झाले. उद्योगांत अग्रेसर म्हणवणाऱ्या राज्याचा हा ताळेबंद! कापड कारखान्यातील भगिनीला जिना चढताना धाप लागते, पाळीच्या अखेरीस तिचा हात मंदावतो. मुकादम त्याला आळस म्हणतो. वस्तुतः ती प्राणवायूची टंचाई असू शकते.

ओतकामाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो आणि निरोगी रक्ताचीही वाट अडवतो.

म्हणून केवळ गोळ्या वाटून मालकांची व सरकारची जबाबदारी संपत नाही. कंत्राटी कामगारांसह सर्वांची वार्षिक रक्ततपासणी, भट्टीपाशी खेळती हवा, उपाहारगृहात उसळ-पालेभाजी आणि तसेच जेवण घरीही शिजेल एवढे वेतन, या मागण्या येत्या वेतनकराराच्या मसुद्यात आल्याच पाहिजेत.