औषधाची मात्रा आणि रुग्णाचा अधिकार



असाध्य आजारावर औषध सापडले की समाज सुटकेचा निःश्वास टाकतो आणि रुग्णाला विसरतो. ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ या रक्ताच्या कर्करोगाबाबत काहीसे असेच घडले आहे. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक तोकडे गुणसूत्र आढळले. त्या बिघाडावरच नेमका घाव घालणाऱ्या इमॅटिनिबला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. जो आजार काही वर्षांत प्राण घेई, तो मधुमेहासारखा सांभाळता येऊ लागला. विज्ञानाचा हा विजय निर्विवाद आहे.

परंतु या विजयाचे मोल रुग्ण रोज चुकवत असतो. थकवा, पायांत येणारे गोळे, मळमळ, जुलाब, डोळ्यांभोवतीची सूज. यांतील बहुतेक त्रास जीवघेणे नसतात, म्हणून कागदोपत्री ते ‘सौम्य’ ठरतात. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षांचा थकवा सौम्य वाटत नाही. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीपुढील प्रश्न अधिक बिकट, कारण गर्भारपणात हे औषध टाळावे लागते. तरीही तपासणीचा अहवाल चांगला आला की रुग्ण आपला त्रास सांगायला संकोचतो. जीव वाचला, आता तक्रार कसली, असे त्याला वाटते. आणि भोवतालच्यांनाही तसेच वाटते.

मग मात्रा कमी करता येईल काय? फ्रान्समधील ‘स्टिम’ या अभ्यासात दीर्घकाळ आजाराचा मागमूस नसलेल्या १०० रुग्णांचे औषध थांबवण्यात आले. सुमारे ४० टक्के रुग्णांत आजार परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांच्यात तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच परतला. ब्रिटनमधील ‘डेस्टिनी’ अभ्यासात १७४ रुग्णांना आधी वर्षभर निम्मी मात्रा देण्यात आली. त्या वर्षात १२ जणांत आजाराची चिन्हे पुन्हा वाढली. पूर्ण मात्रा सुरू केल्यावर ती सर्वांचीच आटोक्यात आली. थकवा, मळमळ, जुलाब हे त्रास तर पहिल्या तीन महिन्यांतच कमी झाले.

एवढे असूनही सर्व रुग्ण या वाटेने जाण्यास राजी नसतात. कोणाला गोळी ही बेडी वाटते, तर कोणाला तीच आधाराची काठी. एकदा मृत्यूची चाहूल ऐकलेल्या माणसाने ती काठी सोडण्यास कचरावे, यात भित्रेपणा नाही. शिवाय औषध थांबवल्यावर काहींना काही काळ सांधे व स्नायू दुखण्याचा त्रास होतो. म्हणून त्रासलेल्याची इच्छा आणि धास्तावलेल्याची भीती, दोन्हींना उपचारात सारखेच स्थान हवे. डॉक्टरने धोका आणि लाभ उघड करून सांगावा. आयुष्य ज्याचे आहे त्याने निर्णयात सहभागी व्हावे.

मात्र एक भेद विसरता कामा नये. वारंवार रक्त तपासून, डॉक्टरच्या देखरेखीखाली मात्रा उतरवणे हा उपचार आहे. पैसे संपले म्हणून गुपचूप एक दिवसाआड गोळी घेणे ही लाचारी आहे, आणि ती जिवावर बेतू शकते. दोन्हीकडे गोळी कमीच होते. पण पहिल्यात स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात नाही.

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधावरील नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त भारतीय गोळीची वाट मोकळी राहिली. तो निर्णय मोलाचा होता, परंतु तेवढ्याने काम संपत नाही. मात्रा कमी करायची तर रक्तातील आजाराचा सूक्ष्म अंश मोजणारी चाचणी सुरुवातीला दरमहा किंवा एक-दोन महिन्यांआड करावी लागते. ती खेड्यातल्या शेतमजुराला परवडत नसेल, त्यासाठी मजुरी बुडवून दूरच्या शहरात जावे लागत असेल, तर मात्रा कमी करण्याचा अधिकार त्याच्यापुरता कागदावरच राहील. औषध स्वस्त झाले. आता चाचणी त्याच्या गावाजवळ आणि त्याच्या ऐपतीत आली पाहिजे. रुग्णाला नुसते जगवून भागत नाही. त्याचे जगणे त्याच्या हाती परत द्यावे लागते.