ठेका कळतो, सूर निसटतो

तबला-मृदंगावरील शाईमुळे त्यांचे उपस्वर सुरेल होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासह दाखवून दिले. पुढे १९३३ साली ते बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच नगरीत आज जन्मतः बधिर असलेल्या मुलांच्या कानांत कॉक्लिअर इम्प्लांट बसविले जाते. त्या मुलांना तबल्याचा ठेका बहुधा कळतो. सूर मात्र निसटतो. असे का व्हावे?

कानातील शंखाकृती नलिकेत सुमारे ३,५०० अंतःकेशपेशी असतात. पायथ्याशी तार स्वर उमटतात, शिखराशी खर्ज. यंत्राजवळ विद्युदग्रे असतात साधारण १२ ते २२, आणि त्यांचे प्रवाहही शेजारी पसरतात. त्यामुळे जवळजवळच्या स्वरांतील भेद पुसट होतो. शब्द ओळखण्यास मात्र एवढी सामग्री शांत जागी पुष्कळदा पुरते.

तरीही बोलण्यातील सूर हरवतो. ‘बाबा आले.’ आणि ‘बाबा आले?’ यांतील अक्षरे एकच. भेद केवळ स्वराच्या चढउताराचा. म्हणून बेंगळुरातील मराठी घरानेही अशा मुलाला ‘बाबा आले का?’ असेच विचारावे. यंत्राला जे पेलत नाही, ते त्या एका ‘का’ने साधते.