गाठी आहेत, पण क्षय नाही

कोरडा खोकला, उतरणारं वजन आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी गाठी. एवढं दिसलं की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो यायलाच हवा. पण जंतू कुठल्याच तपासणीत सापडत नाहीत, क्षयाची औषधं घेऊनही गाठी हलत नाहीत, तेव्हा सारकॉइडोसिसचा विचार झाला पाहिजे.

हा दाहाचा आजार. मरत नसलेल्या जंतूला संरक्षक पेशी घेरून कोंडतात, त्यातून बारीक गाठ होते. सारकॉइडोसिसमध्ये पेशी तसाच वेढा घालतात, पण आत जंतू नसतो. दाह नेमका कशानं पेटतो, ते वैद्यकाला अजून उलगडलेलं नाही. 1899 साली नॉर्वेच्या सीझर बोक यांनी त्वचेवरच्या अशा गाठींचं वर्णन केलं; प्रत्यक्षात दहापैकी नऊ रुग्णांत छातीच आजारी असते. हा कर्करोग नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. रुग्णाची ताट-वाटी वेगळी काढणाऱ्या घरांना हे मला कळकळीनं सांगायचं आहे.

निदानासाठी दुर्बिणीतून गाठीचा तुकडा काढतात. क्षयाच्या गाठीचा गाभा बहुधा मरून पनीरासारखा झालेला असतो, इथे सहसा तसं नसतं. तरीही तोच तुकडा क्षयाच्या कल्चरलाही पाठवावा. कारण सारकॉइडोसिसचं मुख्य औषध स्टेरॉइड, आणि लपलेला क्षय त्यानं बळावतो.

अनेकांना औषध लागतही नाही. दाह काही वर्षांत आपोआप शमतो. मात्र स्टेरॉइड सुरू झालं, तर ते मनानं एकदम बंद करू नका.

आणखी एक. या गाठींमधल्या पेशी ड जीवनसत्त्वाला स्वतःच कार्यक्षम रूप देतात, त्यावर शरीराचा नेहमीचा लगाम राहत नाही. रक्तात, लघवीत कॅल्शियम वाढतं, मूतखडे होतात. थकवा आला की ड जीवनसत्त्वाची पुडी दुधात घालून घ्यायची सवय आता घरोघरी आहे. या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

डोळ्यांत दाह असूनही कधी कधी काहीच जाणवत नाही, म्हणून निदान होताच नेत्रतज्ज्ञांकडे जा. ईसीजीही काढा. छातीत धडधड किंवा अचानक भोवळ आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.