इटलीतली मराठी नावं

वालूर, सेलू, परभणीकडची मंडळीही आता युरोपच्या सहलीला निघतात. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हा ठरलेला रस्ता. त्यात फौजी घरातल्यांनी तरी इटलीतली आणखी दोन ठिकाणं धरावीत, असं मनापासून वाटतं.

पहिलं मोंतोने. उंब्रिया भागातलं, डोंगरावरचं लहानसं गाव. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी या मुलुखात लढल्या. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा जवान एकटाच धावून गेला. आधी हातबॉम्ब, मग टॉमी गन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक उलटी धरून त्यानं शेवटच्या दोघांना लोळवलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोंतोनेकरांनी 2023 मध्ये त्याच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या गावानं ही आठवण जपली, याचं मोल मोठं आहे.

दुसरं ठिकाण कॅसिनो, रोमच्या दक्षिणेला; रेल्वेनं जाता येतं. घाडगेंची कबर कुठं आहे ते ठाऊक नाही, म्हणून इथल्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव कोरलं आहे. नावं पलटणीनुसार लावलेली आहेत, त्यामुळे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा भाग चटकन सापडतो. मुलांना सोबत न्या, ती आडनावं त्यांना वाचू द्या.