सत्कार शिष्येचा, मान गुरूंचाही
(मंडळाच्या गुणगौरव समारंभातील भाषण)



सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या आपल्या भिलाईच्या लेकीचा सत्कार करताना मला मनस्वी आनंद होत आहे. इंजिनिअरिंगला गेली नाही म्हणून तिला टोकणाऱ्यांत मीही होतो.

डॉ. कमल रणदिवे यांनी डॉक्टर व्हावे, अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. पण कमलताई प्रयोगशाळेत रमल्या. डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली, पुढे कर्करोगावर आणि कुष्ठरोगाच्या जीवाणूंवर संशोधन केले. गुरूंना पद्मभूषण मिळाले, शिष्येलाही १९८२ साली.

म्हणून आजचे दुसरे शाल-श्रीफळ तिला शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंना. आणि पोरी, माझे चुकलेच.

गणपती बाप्पा मोरया!